दुधाचा बार आणि ताटाचे राजकारण: पोलंडच्या शहरांतील ‘बार म्लेच्नी’

१/
वॉर्सा, क्राकोव्ह, व्रोत्सवाव, ग्दान्स्क. पोलंडच्या यांपैकी कोणत्याही शहरात खिसा हलका असलेला प्रवासी दुपारी जेवणाच्या शोधात निघाला, की स्थानिक माणूस त्याला एकाच प्रकारच्या जागेचा पत्ता सांगतो. दारावर साधी पाटी, आत साधी टेबले, भिंतीवर पदार्थांची आणि दरांची लांबलचक यादी, गल्ल्यासमोर रांग. त्या रांगेत निवृत्तिवेतनावर जगणारी आजी, विद्यापीठातला विद्यार्थी, बांधकामावरचा मजूर आणि पाठीवर पिशवी अडकवलेला परदेशी पाहुणा एकामागोमाग एक उभे असतात. या जागेचे नाव ‘बार म्लेच्नी’, म्हणजे दुधाचा बार. हा थ्रेड तिच्या इतिहासाचा.

२/
नावातल्या ‘बार’मुळे गैरसमज नको, येथे मद्याशी गाठ नाही. पोलिश भाषेत ‘म्लेको’ म्हणजे दूध, त्यावरून ‘म्लेच्नी’. मराठी कानाला आठवणाऱ्या म्लेंच्छाशी या शब्दाचे काही नाते नाही. आज प्रवासी ही जागा ‘स्वस्तात पोटभर’ म्हणून ओळखतात. परंतु तिच्या सव्वाशेहून अधिक वर्षांच्या आयुष्यात झारचे साम्राज्य, महामंदी, महायुद्ध, विस्थापन, साम्यवाद आणि मुक्त बाजार हे सारे पाहुणे म्हणून येऊन गेले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पोलंडची सरकारे ज्या प्रश्नावर अडखळली आणि कोसळली, तो अन्नाच्या किमतीचा प्रश्न या बारच्या भिंतीवरच्या दरफलकात कायम लटकलेला होता.

३/
आरंभ १८९६ साली वॉर्सात झाला. त्या वेळी पोलंड नावाचे राज्य नकाशावर नव्हते. १७९५मध्ये रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी उरलासुरला देश वाटून घेतला होता आणि वॉर्सा झारच्या अमलाखाली होते. शहराची लोकसंख्या सहा लाखांच्या पुढे गेली होती. कारखाने आणि रेल्वे यांच्यामागे खेड्यांतून आलेल्या माणसांना शहरात खोली कशीबशी मिळे; पण परवडेल असे शिजवलेले अन्न मिळणे अवघड होते. उपाहारगृह हे पैसेवाल्यांचे ठिकाण होते, आणि गरिबांच्या वाट्याला येणारी खानावळ बहुधा दारूच्या गुत्त्याला चिकटलेली असे.

४/
स्तानिस्वाव द्वुझेव्स्की हे जमीनदार घराण्यातले गृहस्थ. त्यांची जमीन श्विदर नावाच्या छोट्या नदीच्या परिसरात होती आणि दुभत्या गायींचे पालन हा त्यांचा व्यवसाय होता. आपल्या गोठ्यातले दूध शहरात थेट विकण्यासाठी त्यांनी वॉर्साच्या ‘नोवी श्व्यात’ या प्रतिष्ठित रस्त्यावर एक दुकान उघडले. नाव ठेवले ‘म्लेचार्न्या नादश्विद्झान्स्का’, म्हणजे श्विदर नदीकाठची दुग्धशाळा. तेथे दूध, दही, अंडी आणि पिठाचे पदार्थ मिळत, मांस नव्हते. खर्च कमी, म्हणून दर कमी. कल्पना चालली आणि इतरांनी तिचे अनुकरण केले.

५/
येथे एक गोष्ट नोंदवणे योग्य ठरेल. पुढे साम्यवादाचे प्रतीक मानल्या गेलेल्या या संस्थेचा जनक एक जमीनदार आणि व्यापारी होता. आजही अनेक प्रवासवर्णने दुधाच्या बारला ‘साम्यवादी काळाचा अवशेष’ म्हणून मोकळी होतात. हे अर्धे सत्य आहे. साम्यवाद्यांनी ही संस्था वाढवली आणि तिला आपला साचा दिला. ती जन्माला घातली नाही.

६/
१९१८मध्ये पोलंड पुन्हा स्वतंत्र झाला. तीन साम्राज्यांचे तीन तुकडे, तीन कायदे आणि तीन प्रकारची रेल्वे शिवून एक देश उभा करण्याचे काम चालू असतानाच १९२९नंतरची महामंदी येऊन आदळली. पोलंड शेतीप्रधान, शेतमालाचे भाव कोसळले आणि शहरांत बेकारी पसरली. या वर्षांत दुधाचे बार वाढले, यात नवल नाही. शेतकऱ्याला दूध विकायचे होते, शहरी माणसाला मांस परवडत नव्हते.

७/
मग १९३९. युद्धाचा सर्व तपशील येथे देणे शक्य नाही, पण एक आकडा पुरेसा आहे: १९४४च्या उठावानंतर जर्मन सैन्याने वॉर्सा पद्धतशीर उद्ध्वस्त केले तेव्हा शहराचा सुमारे ८५ टक्के भाग जमीनदोस्त झाला होता. जानेवारी १९४५मध्ये लाल सैन्य आत शिरले ते ढिगाऱ्यांच्या शहरात. ते शहर पुन्हा बांधण्यासाठी जी माणसे आली, त्यांना रोज कोठेतरी जेवायचे होते.

८/
नव्या सत्तेचे अर्थकारण हिलारी मिन्त्स यांच्या हाती होते. १९४७ साली त्यांनी ‘व्यापाराची लढाई’ पुकारली. नाव लढाईचे, शत्रू होता कोपऱ्यावरचा दुकानदार. कर, परवाने आणि तपासण्या यांच्या माऱ्याखाली खासगी दुकाने आणि उपाहारगृहे काही वर्षांतच बंद पडली किंवा सरकारजमा झाली. आता लोकांना जेवू घालण्याची जबाबदारी राज्यावर आली. मोठ्या कारखान्यांना स्वतःची भोजनालये होती. ज्यांच्या कामाच्या ठिकाणी भोजनालय नव्हते त्यांच्यासाठी सरकारने जुनी कल्पना उचलली: दुधाचा बार.

९/
ही निवड हुशारीची होती. मांस दुर्मीळ आणि महाग. ते निर्यात करून परकीय चलन मिळे. दूध, बटाटे, पीठ, कोबी आणि बीट देशात पिकत होते. शिवाय दुधाच्या बारमध्ये व्होडका नव्हती, आणि दारूच्या व्यसनाची चिंता सर्वच राजवटींना होती. सरकारने दर ठरवले, अनुदान दिले आणि भिंतीवरच्या फलकावर प्रत्येक पदार्थाचे ग्रॅममधले वजन लिहिले गेले. समतेचे तत्त्वज्ञान वजनकाट्यावर उतरवण्याचा तो प्रकार होता.

१०/
त्या फलकावर काय असे? सर्वांत साधे म्हणजे दुधाचे सूप: गरम दुधात शिजवलेल्या शेवया किंवा भात. मराठी वाचकाने खीर डोळ्यांसमोर आणावी, मात्र साखर, वेलदोडा, सुकामेवा सारे वजा करून. ‘काशा’ म्हणजे भरड धान्याचा भात. त्यातली बकव्हीटची काशा विशेष प्रिय. बकव्हीट म्हणजे आपल्याकडे उत्तरेत उपवासाला चालणारा कुट्टू. ‘नालेश्निकी’ हे पातळ धिरडे, आत गोड पनीर. ‘प्लात्स्की’ म्हणजे किसलेल्या बटाट्याची थालीपिठे. बिटाचे लालभडक सूप ‘बार्श्च’. आणि शेवटी ‘कोम्पोत’: फळे पाण्यात उकळून केलेले पेय, पेल्याच्या तळाशी एकदोन फळांचे तुकडे.

११/
पोलिश पाककलेला नावे ठेवण्याची जी विनोदबुद्धी आहे तिची दखल घ्यायलाच हवी. बटाटा-पिठाचे तिरके कापलेले गोळे म्हणजे ‘कोपित्का’, अर्थ ‘छोटे खूर’. पनीर पिठात मळून झटपट केलेले गोळे म्हणजे ‘लेनिवे’, अर्थ ‘आळशी’. सारण भरण्याचा आळस केला म्हणून. काकडी आणि आंबट सायीच्या कोशिंबिरीला ‘मिझेरिया’ म्हणतात, त्याचा मूळ अर्थ दैन्य. शाकाहारी मराठी प्रवाशाला पोलंडमध्ये उपाशी राहावे लागेल अशी जी समजूत आहे, ती दुधाच्या बारच्या दारात संपते. तरी सूप किंवा सारण मांसविरहित आहे का, हे आता विचारून घ्यावे. कारण पुढे येईल.

१२/
आता या थ्रेडचा मुख्य पदार्थ: ‘प्येरोगी रुस्क्ये’. प्येरोगी म्हणजे उकडलेली करंजी. ‘रुस्क्ये’ प्रकारात बटाटा, पनीर आणि परतलेला कांदा भरतात. बहुतेक परदेशी पाहुणे नावाचा अर्थ ‘रशियन’ असा लावतात आणि तो चुकतो. येथे ‘रुस’ म्हणजे रशिया नाही. ‘रुथेनिया’, म्हणजे आज मुख्यतः पश्चिम युक्रेनमध्ये असलेला प्रदेश. त्याचे प्रमुख शहर पोलिश भाषेत ‘ल्वुव’, युक्रेनियनमध्ये ‘ल्विव’.

१३/
१९३९पूर्वी ल्वुव पोलंडमध्ये होते. पोलंडच्या या पूर्व पट्ट्याला ‘क्रेसी’, म्हणजे सीमाप्रदेश, म्हणत. सप्टेंबर १९३९मध्ये जर्मनीने पश्चिमेकडून आणि सोव्हिएत संघाने पूर्वेकडून आक्रमण केले. १९४५मध्ये विजेत्यांनी पोलंडचा नकाशाच पश्चिमेकडे सरकवला: क्रेसी सोव्हिएत संघाला गेली, बदल्यात जर्मनीचे पूर्वेकडचे प्रांत पोलंडला मिळाले. जर्मनांचे ‘ब्रेस्लाउ’ हे शहर ‘व्रोत्सवाव’ झाले. जर्मन रहिवासी हाकलले गेले आणि त्यांच्या रिकाम्या घरांत पूर्वेकडून आलेली पोलिश कुटुंबे राहू लागली.

१४/
व्रोत्सवावला ल्वुवचा वारसा शब्दशः रेल्वेने आला. ‘ओसोलिनेउम’ या ख्यातनाम ग्रंथालयाचा संग्रह आला. रात्स्वावित्सेच्या लढाईचे, वर्तुळाकार दालनात पाहायचे प्रचंड चित्र आले. ते १९८५पर्यंत सामान्य प्रेक्षकांना दाखवले गेले नाही, कारण त्यात पोलिश शेतकरी रशियन सैन्याला हरवताना दिसतात आणि ‘मित्रराष्ट्रा’ला ते रुचले नसते. ग्रंथ आणि चित्रे यांची नोंद इतिहासाने घेतली. पण विस्थापित बायकांनी आपल्याबरोबर आणलेली पाककृती कोणत्याही मालवाहू डब्याच्या यादीत नव्हती. युद्धापूर्वी मुख्यतः पूर्वेकडच्या स्वयंपाकघरांत असलेल्या रुस्क्ये प्येरोगी युद्धानंतर साऱ्या देशात पसरल्या. स्वस्त, पोटभरीच्या आणि मांसाशिवाय: दुधाच्या बारला आणखी काय हवे होते?

१५/
या ताटाला महाराष्ट्राचा एक खरा धागा आहे. १९४० आणि १९४१मध्ये सोव्हिएत पोलिसांनी याच क्रेसीमधून लाखो पोलिश नागरिकांना सैबेरिया आणि कझाकस्तानकडे हद्दपार केले. १९४१च्या करारानंतर त्यांतले काही सुटले, इराणमार्गे बाहेर पडले, आणि त्यांतले सुमारे पाच हजार जण, मुख्यतः स्त्रिया आणि मुले, १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीत राहिले. ते ज्या गावांतून आले ती गावे युद्धानंतर पोलंडमध्ये उरलीच नाहीत. परतायचे म्हटले तरी ‘घर’ दुसऱ्या देशात गेले होते, म्हणून अनेक जण ब्रिटन आणि इतर देशांकडे वळले.

१६/
वॉर्सात आज वळिवडे-कोल्हापूरचे स्मारक आहे. ते २०१७मध्ये उभारले गेले. जामनगरच्या जाम साहेबांच्या नावाचा ‘भल्या महाराजांचा चौक’ही त्या शहरात आहे. मराठी प्रवासी कोल्हापूरचे नाव वॉर्सात वाचून हरखून जातात, छायाचित्र काढतात आणि पुढे निघतात. त्यांनी त्याच दिवशी एखाद्या दुधाच्या बारमध्ये रुस्क्ये प्येरोगी मागवल्या, तर त्या स्मारकामागची हरवलेली भूमी समोरच्या ताटात असेल.

१७/
पुन्हा साम्यवादी काळाकडे. १९४९पासून क्राकोव्हच्या शेजारी नोवा हूता हे पोलादनगर उभे राहू लागले. वॉर्साच्या मार्शाव्कोव्स्का रस्त्यावर कामगारांच्या भव्य वसाहती झाल्या. त्याच रस्त्यावर १९५४मध्ये ‘प्रासोवी’ हा दुधाचा बार उघडला. त्याचे नाव लक्षात ठेवावे. १९५६मध्ये ग्दान्स्कला ‘तुरिस्तिच्नी’ उघडला. नावाचा अर्थच ‘पर्यटकांचा’.

१८/
कारण याच काळात पोलंडमध्ये स्वस्त प्रवासाची एक विलक्षण संस्कृती आकार घेत होती. १८७३ची तात्रा सोसायटी आणि १९०६ची देशदर्शन सोसायटी यांचे १९५० साली विलीनीकरण होऊन ‘पेतेतेका’ ही संघटना झाली. डोंगरांतल्या धर्मशाळा, खुणांनी रंगवलेल्या पायवाटा, मार्गदर्शकांची परीक्षा हे सारे तिच्याकडे आले. हेतूत प्रचार होताच. पण परदेशी जाण्याचा पासपोर्ट मिळणे कठीण असलेल्या पिढीने आपला देश पायी पिंजून काढला, हेही खरे.

१९/
त्याहून नवलाची गोष्ट म्हणजे ‘आउतोस्तोप’. १९५०च्या दशकाच्या अखेरीस पोलंडमध्ये रस्त्यावर हात दाखवून गाडी थांबवणे आणि फुकट प्रवास करणे हे अधिकृत झाले. तरुणांनी एक पुस्तिका विकत घ्यायची. तिच्यात किलोमीटरनुसार कुपने असत. ज्या चालकाने गाडीत घेतले त्याला तेवढी कुपने फाडून द्यायची. हंगामाच्या शेवटी चालक ती कुपने पाठवत आणि त्यांतून बक्षिसे जिंकत. प्रवासी फुकट, चालकाला बक्षीस, आणि सरकारला कोण कोठे हिंडते याचा साधारण हिशेब. साम्यवादी गटातल्या एका देशाने ही भटकंती केवळ खपवून घेतली नाही, तिला शिक्कामोर्तब करून दिले. १९९०च्या दशकाच्या मध्यापर्यंत ही पुस्तिका निघत होती.

२०/
उन्हाळ्यात पुस्तिका खिशात घालून समुद्राकडे निघालेला विद्यार्थी रात्री तंबूत किंवा युवा वसतिगृहात झोपे आणि दुपारी दुधाच्या बारमध्ये जेवे. दोहोंची सांगड अशी की, ज्या पिढीकडे पैसा नव्हता तिच्याकडे देश मात्र होता. जुने पोलिश लोक या वर्षांविषयी बोलताना राजवटीला शिव्या देतात आणि त्याच दमात त्या उन्हाळ्यांची आठवण काढतात. इतिहासाच्या विद्यार्थ्याने यांतले कोणतेही एक खोटे मानण्याची घाई करू नये.

२१/
परंतु अन्नाचे दर कृत्रिमरीत्या खाली ठेवण्याची किंमत कोठेतरी चुकवावी लागतेच. १२ डिसेंबर १९७० रोजी, नाताळच्या तोंडावर, व्वादिस्वाव गोमुव्का यांच्या सरकारने मांस आणि इतर खाद्यपदार्थांच्या दरवाढीची घोषणा केली. बाल्टिक किनाऱ्यावरच्या गोदी कामगारांनी संप पुकारला. ग्दान्स्क, ग्दिनिया आणि श्चेचिन येथे सैन्याने आणि पोलिसांनी गोळ्या झाडल्या. चाळीसहून अधिक माणसे मारली गेली. गोमुव्का गेले, एडवर्ड गिएरेक आले. दरवाढ मात्र तशीच राहिली.

२२/
ती मागे घ्यायला लावली वूच (नकाशांवरचे ‘लॉड्झ’) या कापडगिरण्यांच्या शहरातल्या स्त्रियांनी. फेब्रुवारी १९७१मध्ये त्यांनी यंत्रे थांबवली. पंतप्रधान प्योत्र यारोशेविच स्वतः समजूत घालायला आले. बायका बधल्या नाहीत. काही दिवसांतच सरकारने जुने दर परत आणले. ग्दान्स्कच्या गोदी कामगारांची स्मारके झाली आणि ती व्हायलाच हवी होती. पण रक्त न सांडता दरवाढ मागे घ्यायला लावणाऱ्या गिरणीतल्या बायका इतिहासाच्या मुख्य मजकुरातून बराच काळ तळटिपेत राहिल्या.

२३/
१९७६च्या जूनमध्ये सरकारने पुन्हा धाडस केले. रादोम आणि उर्सुस येथे दंगली झाल्या. एका दिवसात माघार. त्याच ऑगस्टमध्ये साखरेचे रेशनकार्ड आले. १९८०च्या उन्हाळ्यात मांसाच्या दरावरून संपांची लाट उठली आणि ऑगस्टमध्ये ग्दान्स्कच्या गोदीत २१ मागण्यांचे फलक झळकले. पहिली मागणी स्वतंत्र कामगार संघटनेची होती, तिच्यातून ‘सॉलिडॅरिटी’ जन्मली. पण त्याच यादीत असेही होते की आधी देशाच्या बाजारात अन्न पुरवा, उरले तरच निर्यात करा; आणि मांसासाठी कुपने सुरू करा. प्लायवुडच्या त्या फलकांना २००३मध्ये युनेस्कोच्या ‘जागतिक स्मृती’ यादीत स्थान मिळाले. स्वातंत्र्याची मागणी आणि मांसाची मागणी त्यांवर एकाखाली एक लिहिलेल्या आहेत.

२४/
मांसाचे रेशनिंग १९८१मध्ये आले आणि १९८९पर्यंत राहिले. दुधाचा बार या टंचाईत तगला, कारण तो मुळातच मांसावर उभा नव्हता. मात्र तो उजाड झाला. फलकावर वीस नावे आणि प्रत्यक्षात तीनच पदार्थ, अल्युमिनियमचे वाकडे चमचे, खेकसणाऱ्या कर्मचारी. १९८० साली स्तानिस्वाव बारेया यांनी ‘मिश’ हा विनोदी चित्रपट काढला. त्यातल्या दुधाच्या बारमध्ये ताटल्या टेबलाला स्क्रूने घट्ट बसवलेल्या आहेत आणि चमचे साखळीने जोडलेले आहेत, दोघांच्या मध्ये एकच साखळी. ही व्यंगचित्रकाराची अतिशयोक्ती होती. पण ती इतकी अचूक बसली की, आपण खरोखर असे जेवलो होतो अशी अनेकांची समजूत होऊन बसली.

२५/
१९८९मध्ये राजवट गेली. जानेवारी १९९०मध्ये लेशेक बाल्त्सेरोविच यांची आर्थिक सुधारणांची योजना लागू झाली. दर मोकळे झाले, महागाईने डोके वर काढले, मग हळूहळू दुकाने भरली. बर्गर आणि पिझ्झा आले. दुधाचे बार भराभर बंद पडू लागले. तरुणांना तेथे जाण्याची लाज वाटे. परंतु सरकारने अनुदान पूर्ण काढले नाही. ते आजही आहे, आणि त्याच्या अटीही आहेत: ते केवळ ठरावीक मांसविरहित पदार्थांच्या कच्च्या मालावर मिळते आणि बारमालकाच्या नफ्यावर मर्यादा असते. म्हणूनच फलकावर दर शेवटच्या ग्रोशापर्यंत, म्हणजे आपल्या पैशापर्यंत, लिहिलेले दिसतात. बहुतेक बार आता डुकराच्या मांसाचे कटलेटही विकतात. त्यावर अनुदान नसते. शाकाहारी प्रवाशाने विचारून घ्यावे असे वर म्हटले, ते यासाठी.

२६/
डिसेंबर २०११. वॉर्साचा ‘प्रासोवी’ बंद झाला. जागा मोक्याची, भाडे वाढते. तेव्हा कार्यकर्त्यांचा एक गट कुलूपबंद जागेत शिरला, त्यांनी चुली पेटवल्या आणि लोकांना जेवण वाढायला सुरुवात केली. पोलिसांनी त्यांना बाहेर काढले. पण शहराच्या मालकीच्या जागेतून सर्वाधिक भाडे मिळवायचे की परिसरातल्या म्हाताऱ्यांना परवडणारे जेवण द्यायचे, हा प्रश्न वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर गेला. २०१३मध्ये ‘प्रासोवी’ नव्या चालकाच्या हाती, दुधाचा बार म्हणूनच पुन्हा उघडला. व्यापाराच्या लढाईत राज्याने खासगी भोजनालये बंद पाडली होती; साठ वर्षांनी नागरिक त्याच काळातले एक सार्वजनिक भोजनालय वाचवायला उभे राहिले.

२७/
२०१५मध्ये मिऱ्यांचे प्रकरण झाले. अनुदानास पात्र पदार्थांच्या यादीत अर्थ मंत्रालयाने मसाल्यांपैकी मीठ ठेवले. मिरी, मरवा वगैरे वगळले. अर्थ असा, की सूपमध्ये चिमूटभर मिरपूड पडली तर त्या सूपचे अनुदान जाईल. देशभर हसे झाले, मागोमाग संताप आला. गरिबाने बेचव खावे असा सरकारचा आग्रह आहे काय, हा प्रश्न विचारला गेला आणि काही महिन्यांतच नियम बदलला. हा प्रसंग विनोदी वाटतो, परंतु १९७०पासूनचा पोलंडचा इतिहास ठाऊक असलेला कोणताही मंत्री ताटाशी खेळ फार काळ चालवणार नाही.

२८/
जाणाऱ्यांसाठी थोडी व्यवहाराची माहिती. आधी गल्ल्यावर पदार्थाचे नाव सांगून पैसे द्यायचे, पावती घ्यायची आणि ती स्वयंपाकघराच्या खिडकीत द्यायची. पदार्थ तयार झाला की आतून नावाचा पुकारा होतो. आपली ताटली आपण उचलायची, आणि जेवण झाले की उष्टी भांडी दुसऱ्या खिडकीत नेऊन ठेवायची. वेटर नाही, बक्षिसी नाही. अनेक बार संध्याकाळी लवकर बंद होतात, म्हणून दुपार गाठावी. टेबलावर अनोळखी माणूस येऊन बसला तर तो ‘स्माच्नेगो’ म्हणेल, म्हणजे ‘चवीने जेवा’. उत्तरादाखल तेच म्हणावे. वॉर्सात ‘बाम्बिनो’, ग्दान्स्कच्या द्वुगा रस्त्यावर ‘नेप्तुन’, व्रोत्सवावच्या विद्यापीठाजवळ ‘मिश’ ही प्रसिद्ध नावे. आकर्षक दिव्यांचे आणि जुन्या भित्तिचित्रांचे नवे ‘दुधाचे बार’ही निघाले आहेत, तेथले दर पाहूनच ते कोणासाठी आहेत हे कळते.

२९/
फेब्रुवारी २०२२मध्ये रशियाने युक्रेनवर पूर्ण आक्रमण केले आणि लाखो युक्रेनियन, मुख्यतः स्त्रिया आणि मुले, पोलंडच्या सीमेवर आले. त्यांतले अनेक ल्विवमार्गे, म्हणजे ज्या वाटेने १९४५नंतर पोलिश कुटुंबे आली होती जवळपास त्याच वाटेने. त्या वसंतात काही उपाहारगृहांनी फलकावरची ‘रुस्क्ये प्येरोगी’ पुसून तेथे ‘युक्रेनी प्येरोगी’ लिहिले. भाषातज्ज्ञांनी आणि इतिहासप्रेमींनी लगेच दाखवून दिले, की ‘रुस्क्ये’ कधी रशियन नव्हतेच. नाव बदलले तर त्या हरवलेल्या प्रदेशाचीच खूण पुसली जाईल. काहींनी जुने नाव परत आणले, काहींनी नवे ठेवले. सारण मात्र दोन्हीकडे तेच राहिले: बटाटा, पनीर, परतलेला कांदा.